पावसाळ्यात कोंबड्या अंड्यावरून का उतरतात? खाद्यातल्या या चुका टाळा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कोंबड्या अंडी कमी देतात, अंडे लहान येते, खुराड्यात एकमेकींची पिसे उपटतात. मग कोणी जंताचे औषध देते, कोणी टॉनिक आणते. खाद्याकडे मात्र लक्ष जात नाही, कारण कणी-कोंडा आणि खोबऱ्याची पेंड रोज पोटभर दिलेली असते.

पोट भरते, कमी पडतात ती अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक. कोंबडी उन्हाळाभर परसात फिरते तेव्हा वाळवी, किडे, गांडुळे खाऊन ही उणीव स्वतःच भरून काढते. पावसात ती कोंडली जाते आणि हा खुराक बंद होतो. आपण देतो ते खाद्य तेच राहते, तिला मिळणारे मात्र कमी होते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक: पेंडीचे फक्त प्रथिनांचे टक्के पाहणे. प्रथिने सुमारे २० अमिनो आम्लांची बनतात. त्यातली काही कोंबडीचे शरीर तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच यावी लागतात. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही त्यातली महत्त्वाची. यातले जे सर्वांत कमी असेल त्यावर सगळे अडते. पीठ पन्नास मोदकांचे आणि गूळ दहांचा असेल तर मोदक दहाच होतात, तसेच हे आहे.

खोबऱ्याच्या पेंडीत साधारण २० ते २२ टक्के प्रथिने, सोयापेंडीत सुमारे ४५. म्हणजे दुप्पट. पण लायसिन पाहिले तर सोयापेंडीत ते चारपटीहून जास्त असते. शिवाय घाण्यात पेंड जास्त तापली की त्यातले लायसिन साखरेशी जखडले जाते आणि कोंबडीला पचत नाही. काळपट, करपट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. खोबऱ्याची पेंड वाईट नाही. मुख्य प्रथिने म्हणून तिच्यावर विसंबणे चुकीचे आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालावरही एवढ्यासाठीच डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तिथे प्रथिने थेट न मोजता नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. हा नायट्रोजन युरियाचा असला तरी आकडा वाढतो. सुक्या जवळ्याच्या कवचातला नायट्रोजनही प्रथिनांतच धरला जातो.

सुकट-मासळी मोजून घाला. आपल्या किनाऱ्यावर लायसिन आणि मेथिओनिन या दोन्हींचा उत्तम साठा म्हणजे सुकी मासळी. पण खारवलेली मासळी देऊ नका. जास्त मिठाने कोंबड्या पाणी पीत सुटतात, विष्ठा पातळ होते, पिल्ले मरतातही. वाळूत वाळवलेली असेल तर चाळून घ्या. १०० किलो खाद्यात ४-५ किलो पुरे. त्यापुढे अंड्याला मासळीचा वास लागतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

घरचा कुळीथ किंवा वाल उरला असेल तर भाजून किंवा शिजवूनच द्या. कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. कडधान्यात लायसिन चांगले असते, मेथिओनिन कमी. ॲझोला (पाण्यावर तरंगत वाढणारे छोटे नेचे) जरूर लावा, पण ओल्या १ किलो ॲझोलात ९०० ग्रॅमहून जास्त पाणीच असते. मूठभर ॲझोल्यावर पेंड बंद करू नका.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी घरी करता येईल असे १०० किलोचे मिश्रण: कणी किंवा मक्याचा भरडा ५५ किलो, ताजा कोंडा १२, सोयापेंड २०, बिनमिठाची सुकी मासळी ४, शिंपल्यांचा चुरा ८, खनिज मिश्रण १. वर डीएल-मेथिओनिन (विकत मिळणारी मेथिओनिनची पूड) ५० ते १०० ग्रॅम. ही पूड थेट ढिगावर टाकू नका. आधी २ किलो कोंड्यात नीट घोळवा, मग तो कोंडा सगळ्यात मिसळा. अंदाजाने मूठ मारणे तर नकोच. अति झालेले मेथिओनिन अपायकारक असते. कोकणच्या दमटपणात कोंडा लवकर खवट होतो आणि पेंडीला बुरशी धरते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच खाद्य करून ठेवावे.

उलट बाजूची चूक म्हणजे “प्रथिने जितकी जास्त तितके चांगले”. न वापरलेली अमिनो आम्ले शरीर मोडते आणि नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेतून बाहेर पडतो. कोंबडी पाणी जास्त पिते, खुराड्यात अंथरलेले तूस ओले होते, अमोनियाने डोळे चुरचुरतात, तळपायांना जखमा होतात. जुलैच्या ओलाव्यात हे फार झपाट्याने वाढते. तूस सारखे ओले राहत असेल तर गळके छप्पर पाहा, आणि पेंडही तपासा.

अंड्याचे कवच पातळ असेल तर अमिनो आम्लांना दोष देऊ नका, आधी शिंपल्यांचा चुरा पाहा. दिवस ढगाळ असतील तर प्रकाश कमी पडूनही अंडी घटतात. पिसे उपटणे गर्दीमुळे किंवा उवांमुळेही होते. पण लहान अंडे, विरळ पिसे आणि पिसे खाण्याची ओढ ही तिन्ही एकत्र दिसली तर मेथिओनिनचा संशय पहिला घ्यावा. पिसे ज्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनला मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात.

कोंबड्यांसाठी आणलेली मेथिओनिनची पूड गाई-शेळ्यांना घालू नका. साधे मेथिओनिन त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू बरेचसे मोडून टाकतात. त्यांच्यासाठी आवरण दिलेले वेगळे मिळते. तेच जिवाणू थोड्या युरियापासून प्रथिने बनवतात, म्हणून पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. कोंबडीला मात्र युरिया कधीही देऊ नका.

खाद्य बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. बलकाची मुख्य वाढच सुमारे दहा दिवस चालते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून जुन्या कणी-कोंड्यावर परतू नका. रोजची अंडी वहीत लिहा आणि आठवड्याला दहा अंडी एकत्र तोला. फरक आधी वजनात दिसेल.