कुफर पेशींना एलपीएस देण्याआधी

उंदराच्या यकृतातल्या कुफर पेशींचा (तिथल्या भक्षक प्रतिकारपेशींचा) टीएलआर-४, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस ओळखणारा ग्राही, तपासायचाय? आधी आपण पेशी ठेवतो त्या माध्यमातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे नकळत शिरलेलं एलपीएसच, तपासा. मी आळस केला. एलपीएस न घातलेल्या कप्प्यांतही टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन) भरभरून आला आणि तीन आठवडे पाण्यात गेले.

कोलॅजिनेज या विकराने यकृताच्या पेशी सुट्या केल्या, की सेंट्रिफ्यूजमध्ये ५० जीवर (गुरुत्वाच्या ५० पट) फिरवा. जड यकृतपेशी तळाशी बसतात, कुफर वरच्या द्रवात राहतात. तो द्रव परकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) फिरवून २५ आणि ५० टक्के थरांमधला पट्टा उचला, अर्धा तास प्लेटला चिकटू द्या, बाकीचं धुवा. रात्रभर विसावा द्या; काढताना त्या चिडलेल्याच असतात.

मग मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम एलपीएस, सहा तासांनी टीएनएफ मोजायला एलायझा चाचणी. शेजारी सी३एच/एचईजे उंदराच्या पेशी हव्यातच. त्यांचा टीएलआर-४ जन्मतः निकामी. तिथेही टीएनएफ चढला, तर एलपीएस अशुद्ध असल्याचा संशय घ्या.