खो-खोचा गडी चोरून बॅले शिकतो: अशी शॉर्टफिल्म करताना पाय खरे कसे दिसतील

शाळेच्या खो-खो संघातला दहावीचा मुलगा कुणाला न सांगता बॅले शिकतो, एवढी एका ओळीची गोष्ट. लिहायला सोपी, पण पडद्यावर पाय दिसायला लागले की फसते. "मला नाचायचंय" असं संवादात ठासून सांगणारा मुलगा बॅलेच्या सरावाच्या आडव्या दांड्याला हात लावून उभा राहतो आणि दहा सेकंदांत कळतं, ह्याला कालच उभं केलंय. किंवा मैदानावर धावायला लागतो आणि कळतं, हा जन्मात कधी पाटीत बसलेला नाही. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी तीन महिने, एक धीराचा शिक्षक आणि थोडं सुतारकाम लागतं.

कुणाला घ्यायचं

खो-खो खेळणाऱ्यालाच घ्या. नाचणाऱ्याला खो-खो शिकवायच्या भानगडीत पडू नका. बॅले अंगात मुरायला आठ-दहा वर्षं लागतात हे खरं, पण आपलं पात्र मुरलेला नर्तक नाही, नवशिका आहे. त्याच्या चुका खऱ्या असल्या की काम झालं. मैदानावर मात्र तो संघाचा आधार आहे, तिथे चूक चालत नाही. बसल्या जागेवरून उठतानाचं पहिलं पाऊल, खांब धरून वळताना बाहेर झुकलेलं अंग, हुलकावणी देताना खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे, या गोष्टी तीन महिन्यांत येत नाहीत. खो-खो पाहिलेला महाराष्ट्रातला कुणीही प्रेक्षक त्या लगेच पकडेल.

गाव ठरवतानाही भान ठेवा. बॅलेचे वर्ग मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. तालुक्याच्या गावात परदेशी बॅले शिक्षिका आणून बसवली की प्रेक्षक पहिल्याच प्रवेशात हात वर करतो. मुलगा पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात राहतो किंवा मोबाइलवरचे धडे बघून रिकाम्या वर्गात सराव करतो, हे पटतं. मुलगा फारच पुढे जातो असं वाटत असेल, तर आमिरुद्दीन शाह हा मुंबईत शिकलेला वेल्डरचा मुलगा लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला, हे लक्षात ठेवा. पण तिथवर जायला त्याला रोजचा शिक्षक मिळाला होता. मोबाइलवर शिकणाऱ्याला शेवटच्या दृश्यात 'स्वान लेक' या गाजलेल्या बॅलेतल्या राजपुत्रासारखं उडवू नका.

लपवण्याचं कारणही नीट ठरवा. "पोरं हसतील" हे एकच कारण फार वापरून झालंय. दहावीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आणि त्यावर डोळा ठेवून बसलेलं घर, हा ताण आपल्याकडे जास्त खरा आहे. या घरात वडील खलनायक असायची गरज नाही. त्यांनी हिशेब मांडलेला असतो, एवढंच.

टाच

या फिल्मची सगळी किल्ली टाचेत आहे. आठ आक्रमक मधल्या पाटीत आपापल्या चौकोनात आलटून-पालटून विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. बसतात म्हणजे उकिडवे, भार चवड्यावर, टाच उचललेली, "खो" कानावर पडताच सुटायच्या तयारीत. हे पाच-सहा वर्षं केलेल्या मुलाला बॅलेच्या वर्गात पहिल्या दिवशी देमी-प्लिए करायला सांगतात, म्हणजे टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून अर्धवट गुडघे वाकवणं. त्यात टाच जमिनीला चिकटलेली हवी. याची टाच आपोआप सुटते, कारण वाकलं की सुटायचं हे त्याच्या पायाला पाठ झालेलं असतं.

गंमत अशी की पहिल्या स्थितीतल्या ग्रां-प्लिएत, म्हणजे पूर्ण खाली जाताना, टाच उचललेली चालते. तिथे तो मुलगा वर्गातल्या सगळ्यांपेक्षा खोल आणि स्थिर जातो. शिक्षकाचं त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष जातं ते इथे, असं लिहा. त्याला कुठल्याही संवादाची गरज नाही.

दुसरी जुळणी हाताची. खो-खोचा खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंमी उंच आणि उभा असतो. बॅलेचा दांडा साधारण १०५ सेंमीवर आणि आडवा. खांबावर पंजा आवळायचा असतो, दांड्यावर बोटं नुसती टेकवायची असतात. पहिल्या आठवड्यात मुलगा दांडा आवळूनच धरणार, आवळू द्या. बोटांची पेरं पांढरी झालेली दिसली पाहिजेत. आणखी एक, अगदी व्यवहारातली सूचना: बॅलेत त्या दांड्याला 'बार' म्हणतात. शूटिंगच्या कागदावर मात्र 'दांडा' असंच लिहा, नाहीतर प्रॉडक्शनचा मुलगा भलतीच जागा शोधत बसतो.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ७५ मिनिटं. त्यातली पहिली १५ अंग गरम करण्यात घालवा. गार अंगाला ओढाताण करून पाय फाकवायला लावू नका. खेळाडूंच्या मांड्यांचे मागचे स्नायू आधीच आखडलेले असतात.

पहिले चार आठवडे फक्त प्लिए आणि तांद्यू. तांद्यू म्हणजे पाऊल जमिनीवरून घासत पुढे, बाजूला, मागे नेऊन बोटांच्या टोकापर्यंत ताणणं. इथे सगळ्यात मोठी चूक पावलं वळवण्यात होते. पावलं एका रेषेत १८० अंशांत आलेली मुलाने फोटोत पाहिलेली असतात. तो पावलं जमिनीवर घट्ट रोवून तशी करू बघतो, पण खुबा तेवढा वळत नाही. मग मधला पीळ गुडघ्यावर येतो आणि घोटे आतल्या बाजूला कोसळतात. म्हणून मोजे घालून, गुडघे सरळ ठेवून, गुळगुळीत फरशीवर उभं करा आणि मांड्या खुब्यातून बाहेर वळवायला सांगा. पावलं घसरत जिथे थांबतील तो त्याचा कोन. दोन्ही पावलांत मिळून ९० अंश आले तरी पुष्कळ झाले. मग प्लिए घ्या. वरून पाहिलं तर गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत यायला हवा. अंगठ्याच्या आत जात असेल तर कोन कमी करा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा नडगीत दुखू लागलं की तो दिवस तिथेच थांबवायचा.

पुढचे चार आठवडे रों द जांब, म्हणजे पायाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढणं, आणि पोर द ब्रा, म्हणजे हातांची ने-आण. हातांचा त्रास वेगळा असतो. खो-खोवाल्याचा पंजा गडी टिपायला कायम उघडा आणि कडक असतो, खांदे कानाला लागलेले, जबडा आवळलेला. शिवाय तो श्वास रोखून धरतो. मोजणी त्यालाच मोठ्याने करायला लावा, श्वास आपोआप सुटतो.

शेवटचे चार आठवडे ३२ मात्रांची एक छोटी रचना बसवा, त्यापेक्षा मोठी नको. गिरकीचा मोह टाळा. त्याऐवजी एका पायाच्या चवड्यावर उभं राहून दुसऱ्या पायाचं टोक गुडघ्याला टेकवलेला तोल तीन सेकंद टिकवणं हे नवशिक्यासाठी खरं यश आहे आणि कॅमेऱ्यालाही ते गिरकीपेक्षा स्पष्ट दिसतं. गोष्टीत मुलीला घेणार असाल तर आणखी एक पथ्य: कडक टोकाचे पॉइंट शूज तिला अजिबात चढवू नका. काही वर्षांच्या तयारीशिवाय ते घालणं म्हणजे घोटा मोडून घेणं.

शूटिंगच्या आखणीत बहुतेक जण इथे चुकतात. बारा आठवडे शिकवून मग सगळं एकदम चित्रित करू नका. शिकलेलं विसरून दाखवणं मुरलेल्या नटालाही जड जातं, पंधरा वर्षांच्या मुलाला तर नाहीच जमत. पहिल्या दिवसाचं दृश्य दुसऱ्या आठवड्यात घ्या, मधलं सातव्यात, शेवटचं बाराव्यात. त्यासाठी केस आणि उंची सांभाळा. या वयात तीन महिन्यांतही उंचीत फरक दिसू शकतो.

जमीन, दांडा, बूट

शाळेच्या वर्गातली शहाबादी किंवा सिमेंटची जमीन उड्यांसाठी वाईट. नडगी भरून येते. १६ बाय १२ फुटांची उशीदार जमीन घरच्या घरी होते: खाली ५० मिमी जाडीचे फोमचे ठोकळे सुमारे ३० सेंमी अंतराने, त्यावर १२ मिमी प्लायवूडचे दोन थर. ८ बाय ४ फुटांचे प्लायचे बारा तक्ते लागतात, प्रत्येक थराला सहा. वरच्या थराचे जोड खालच्या जोडांवर येऊ देऊ नका, नाहीतर उडी मारली की नेमकी तिथेच प्लाय उचकटते. वर मॅट व्हिनाइल अंथरा. चकचकीत घेतलं तर पाय घसरतात आणि दिव्यांची तिरीप कॅमेऱ्यात येते. घसरत असेल तर ओलसर फडकं फिरवा. राळ टाकलीत तर व्हिनाइलवर तिचा थर बसतो आणि पुढचे तीन दिवस साफसफाईत जातात.

दांडा लाकडी, साधारण ४० मिमी जाडीचा. पीव्हीसी पाइप हाताच्या भाराने मधोमध वाकतो आणि फ्रेममध्ये ते वाकणं दिसतं. सुट्या स्टँडवर लावणार असाल तर पायांवर वाळूच्या पिशव्या टाका.

बूट कापडी घ्या, मोज्यासारखे घट्ट, पण आत बोटं दुमडता कामा नयेत. इलॅस्टिक बहुधा वेगळं येतं, ते घरी शिवावं लागतं. बरेच नर्तक त्यासाठी दात साफ करायचा फ्लॉस वापरतात, साध्या दोऱ्यापेक्षा तो दणकट असतो. या गोष्टीसाठी हा प्रसंग आयता आहे: मुलगा रात्री आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन बूट शिवतो आणि सकाळी डब्यात सुई भलत्याच जागी टोचलेली असते. बुटाच्या पुढच्या नाडीची गाठ आत खोचा. बाहेर लोंबणारी नाडी जाणकाराला पहिल्यांदा खटकते. काळ्या व्हिनाइलवर काळे बूट नाहीसे होतात, तिथे पांढरे घाला. कपड्यांत टाइट्सचा अट्टहास नको. चोरून शिकणारा मुलगा खो-खोच्या अर्ध्या चड्डीतच येईल, आणि गुडघे उघडे असले की चूकही दिसते, सुधारणाही दिसते. आतून खेळाडूंचा सपोर्टर पुरतो.

कॅमेरा आणि आवाज

पाय कापू नका. डोक्यापासून तळव्यापर्यंत पूर्ण अंग फ्रेममध्ये ठेवा, पायाखाली थोडी जमीन सोडा. जुन्या हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर त्याच्या नाचात पूर्ण शरीर आणि लांब शॉटचा आग्रह धरायचा, तो याचसाठी. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, लेन्स ३५ ते ५० मिमी. फार रुंद लेन्सने कडेचे पाय ताणले जातात आणि खोटे वाटतात. क्लोज-अप वापरायचा तर टाचेचा वापरा.

वर्गातल्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० ठेवा. स्लो मोशन हवं असेल तर ५० फ्रेम्स आणि १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ६० किंवा १२० फ्रेम्स लावल्या की चित्र लुकलुकू शकतं, आणि ते नेमकं एडिटिंगच्या टेबलावर लक्षात येतं.

'स्वान लेक'चा रशियन संगीतकार चायकोव्हस्की १८९३ साली वारला, त्यामुळे त्याची रचना वापरायला मोकळी आहे. तिचं तुम्हाला आवडलेलं ध्वनिमुद्रण मात्र मोकळं असेलच असं नाही, त्याचा हक्क वेगळा असतो. गावातल्या पेटीवाल्याला किंवा कीबोर्डवाल्याला बसवून वाजवून घ्या. प्लिएसाठी संथ तीन मात्रांचं, तांद्यूसाठी ठाशीव दोन मात्रांचं. थोडं बेसूर झालं तर चोरून चाललेल्या सरावाला ते शोभूनच दिसतं.

उडीच्या आवाजावर मेहनत करा. खेळाडू पूर्ण तळव्यावर धप्पकन उतरतो. नर्तक बोटं, चवडा, टाच अशा क्रमाने, गुडघे वाकवत उतरतो आणि आवाज जवळपास येत नाही. दुसऱ्या आठवड्यातला 'धप्प' जागेवरच वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. पुढे सामन्याच्या दृश्यात हाच मुलगा खांबाजवळ उडी घेऊन उतरतो आणि आवाज येत नाही. मैदानाच्या कडेला बसलेल्या सरांची मान वळते. गुपित फुटायला एवढं पुरे.

अखेरचे दोन हिशेब

कलाकार १४ वर्षांखालचे असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. १५-१६ वर्षांच्या मुलांनाही हेच वेळापत्रक लावा. थकलेल्या पायाची टाच सगळ्यात आधी उचलते.

आणि आकाशीय सुराचे, म्हणजे गडी टिपायला हवेत झेपावण्याचे, शॉट प्रत्येक टप्प्यातल्या बॅलेच्या चित्रीकरणानंतर घ्या. मातीत सूर मारला की गुडघा आणि कोपर सोलतंच. अर्ध्या चड्डीतल्या मुलाचं खरचटलेलं ढोपर पुढच्या प्रवेशात कधी आहे, कधी नाही असं झालं, तर मेकअपवाल्याचे दोन तास तिथेच जातात.