मेरी स्टोप्स यांचे संशोधन शालेय प्रदर्शनात कसे मांडावे

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी गोव्यातील एखाद्या हायस्कूलने ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मेरी स्टोप्स यांची निवड केली असेल, तर तयारीची सुरुवात त्यांच्या छायाचित्रापासून न करता दगडी कोळशाच्या तुकड्यापासून करावी. 1921 मध्ये लंडनला उघडलेल्या संततिनियमन केंद्रामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु त्याआधीची उमेदीची वर्षे त्यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांना दिली होती आणि तीच मुलांपुढे नीट यावीत, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडचे लोहखनिजाचे खडक जमिनीवर झाडे उगवण्याच्या कितीतरी आधीचे आहेत, तर जांभा खडकांच्या झिजेतून बनलेला आहे. त्यामुळे कोळशासाठी वा वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी डोंगरावर शोधाशोध करू नये. दगडी कोळसा वापरणाऱ्या लोहाराकडून पट्टे स्पष्ट दिसणारा तुकडा मागून घ्यावा व तो खिडकीच्या उजेडात तिरका धरावा. जो पट्टा काचेसारखा चकाकतो तो विट्रेन, रेशमी झाक असलेला क्लॅरेन, निस्तेज आणि कठीण तो ड्युरेन, आणि लाकडी कोळशासारखा बोटे काळी करणारा फ्युझेन. ही चार नावे स्टोप्स यांनी 1919 मध्ये दिली. चारही पट्टे एकाच तुकड्यात सापडतीलच असे नाही, म्हणून तीन-चार तुकडे जमवावेत. फ्युझेन पांढऱ्या कागदावर घासून उमटलेली रेघ तशीच मांडावी.

शिक्षणाचा तपशील एका छोट्या फलकात बसतो: 1902 मध्ये लंडनची पदवी, 1904 मध्ये म्युनिकची डॉक्टरेट, आणि त्याच वर्षी मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी नेमणूक, जी तेथील विज्ञान विभागात एखाद्या स्त्रीला प्रथमच मिळाली होती.

मोठी जागा ‘कोल बॉल’साठी राखावी. कोळशाच्या थरात सापडणारे हे गोळे म्हणजे, वनस्पती दाबाखाली चेपून तिचा कोळसा होण्याआधीच क्षारांनी भरून दगड झालेला भाग. त्यामुळे पेशींची रचना त्यांत जशीच्या तशी राहते. त्याचा काप काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईपर्यंत घासतात. स्टोप्स आणि डी. एम. एस. वॉटसन यांनी 1908 मध्ये या गोळ्यांच्या उत्पत्तीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुलांना हे समजावे म्हणून नेच्याच्या ताज्या देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि शेजारी कोल बॉलच्या कापाचे छायाचित्र लावावे. तुलना मुलांनीच करावी, आपण आधी बोलू नये.

नकाशावर जपान आणि कॅनडा दाखवावेत. 1907 मध्ये त्या जपानला गेल्या व होक्काइडोच्या खाणींतून क्रेटेशियस काळातील (डायनोसॉरच्या अखेरच्या युगातील) जीवाश्म गोळा केले. कॅनडातील ‘फर्न लेजेस’च्या खडकांचे वय वादात होते, ते कार्बोनिफेरस काळातील (दगडी कोळशाचे मोठे साठे बनले त्या युगातील) आहेत, हा त्यांचा निष्कर्ष 1914 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सुप्रजननवादाचा, म्हणजे ‘योग्य’ ठरवलेल्यांनीच मुले जन्माला घालावीत या विचाराचा, केलेला पुरस्कारही उत्तरायुष्याच्या फलकावर स्पष्ट लिहावा. मुले प्रश्न विचारतील आणि ते टाळू नयेत.

फ्युझेन हाताळताना लवकर चुरडतो, म्हणून दोन तुकडे कागदात गुंडाळून दुपारच्या गर्दीसाठी वेगळे ठेवावेत.