छर्रे निवडले, पण दोष स्क्रूचा!

जुलैत माझ्या एअर रायफलचे छर्रे भरकटायला लागले. 10 मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा. चार गोळ्या नीट, पाचवी थेट आठात!

संशय छर्‍यांवर. दादरच्या घरात, खिडकीलगतच्या टेबलावर डबा उघडला तर शिशावर पांढरी भुकटी. मुंबईचा पावसाळा, दुसरं काय! ही भुकटी विषारी. फुंकर मारायची नाही. ते छर्रे बाजूला काढले. उरलेले काचेवर एकेक घरंगळवले: चांगला छर्रा सरळ न जाता संथ वळण घेतो, शेपटाची, म्हणजे मागच्या पोकळ भागाची, कड चेपलेला मात्र लंगडतो. आई म्हणाली, "तांदूळ निवडतोयस का रे?" मग वजनं, 0.53 ग्रॅमचे वेगळे, हलके वेगळे. खरं सांगू, या कामात मला नेमबाजीइतकीच मजा येते. नंतर साबणाने हात धुणं मात्र सक्तीचं.

तरी रेंजवर पाचवी गोळी भरकटलीच. वैतागून रायफल उलटी केली, तर नळी लाकडी दस्त्याला धरणारा स्क्रू चक्क बोटाने फिरला. ॲलन की (षटकोनी चावी), अर्धा फेरा, बस्स. छर्रे आता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत.