चतुरांच्या नोंदी करताना या चुका टाळा: ॲरिझोनाच्या ओढ्यांवरून

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या आसपास चतुर आणि टाचण्या (चतुरांच्या नाजूक, सडपातळ बहिणी) टिपायला येणारी नवी मंडळी फोटो झकास काढतात, पण नोंद अशी करतात की ती कुणाच्याच उपयोगाची नसते. यातली सगळ्यात वाईट चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर राग जास्त.

ती म्हणजे जागेची. घळीत रेंज नसते आणि उभ्या कड्यांमध्ये जीपीएसही भरकटतो. मग घरी येऊन माणूस नकाशावर गाडी लावली तिथेच पिन टाकतो नि मोकळा होतो. मीही तेच केलं. सांता कॅटालिना डोंगरात वरच्या एका सावलीतल्या ओढ्यावर कॅन्यन रुबीस्पॉट ही टाचणी दिसली, पंखांच्या बुडाशी माणकासारखी लाल. पिन पडली पायथ्याच्या पार्किंगमध्ये, सग्वारो निवडुंगांत! तिथल्या पाण्यावर असते ती तिची बहीण, अमेरिकन रुबीस्पॉट. नोंद तपासणाऱ्याने विचारलं, ‘ही हीच का?’ फोटो बरोबर होता, पण डोह नेमका कुठला ते मला आठवेना. अख्खा दिवस वाया. टूसॉन सुमारे ७३० मीटरवर, याच डोंगराचं शिखर माउंट लेमन २,७९० मीटरवर. तासाभरात गाडी निवडुंगांतून पाइनच्या रानात जाते. अशा ठिकाणी दोन किलोमीटर इकडेतिकडे म्हणजे दुसराच मुलूख. आता मी निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घेतो आणि प्रत्येक डोहापाशी वहीत वेळ लिहितो. पेन्सिलने. ॲपवर सगळा भार टाकणाऱ्यांना हा म्हातारचळ वाटतो. वाटू दे.

आपल्या लोकांची खास चूक वेगळी. पावसाळा सरताना आपल्या माळावर घिरट्या घालणारा पँटाला फ्लेव्हेसेन्स हा चतुर इथेही भेटतो. गाववाला भेटल्याच्या आनंदात लोक बेधडक तेच नाव लिहितात. पण इथे पँटाला हायमेनिया हा त्याचा भाऊबंदही उडत असतो. त्याच्या मागच्या पंखाच्या बुडाशी गडद ठिपका असतो. ठिपका आहे की नाही हे दिसलंच नसेल तर नुसतं ‘पँटाला’ लिहा, कमीपणा नाही त्यात.

निळ्या आर्जिया टाचण्यांचा वरून एकच फोटो कुणी पाठवला की मी उत्तरच देत नाही. बाजूने काढा, आणि नराच्या शेपटाचं टोक स्पष्ट येऊ द्या.

फ्लेम स्किमर आणि निऑन स्किमर हे दोन लाल चतुर. फ्लेमच्या पंखांवरचा केशरी रंग साधारण अर्ध्यापर्यंत पोचतो, निऑनचा बुडाशीच थांबतो. नुसत्या लालभडक अंगावर जाऊ नका.

दुपारी शेपूट सूर्याकडे उभं धरलेला चतुर ऊन चुकवत असतो, मादीला खुणावत नसतो.

जूनमध्ये ओढा आटून डबकी उरतात आणि सगळे तिथेच गोळा होतात. ‘यंदा संख्या वाढली’ असं लिहिण्याआधी पाणी वाहतं होतं, साचलेलं की आटलेलं, ते लिहा.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये वर डोंगरावर गडगडलं की डोक्यावर आभाळ निळं असलं तरी घळीतून बाहेर पडा. पाणी वरून येतं, सांगून येत नाही. मी एकदा ट्रायपॉड तिथेच टाकून पळालो आहे. वही खिशात होती.