द्राक्षाच्या पानावरची तोंडं मोजताना

एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षी डिसर्टेशनचा (छोट्या प्रबंधाचा) विषय द्यायचा होता. मी बिनधास्त लिहून दिलं : ‘वाढत्या कार्बन डायऑक्साइडला द्राक्षवेलीचा प्रतिसाद’. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, “चेंबर कुठंय तुझ्याकडे?” हवेतला वायू हवा तसा कमी-जास्त करता येईल अशी बंदिस्त खोली कुठली असायला! माझ्याकडे होती मामाची दिंडोरीची बाग, कॉलेजचा मायक्रोस्कोप आणि ताईची नेलपॉलिशची बाटली. यंदा कुणी याच वाटेला जाणार असेल, तर त्याच्यासाठी लिहितेय.

विषय भुरळ घालतो, यात शंका नाही. पानाला वायू आत घ्यायचा तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म तोंडं, उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी निसटतं. हवेत वायू मुबलक असेल तर थोड्या तोंडांत भागतं. वनस्पतिशास्त्रज्ञ इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये हर्बेरियममधली (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली) जुनी पानं तपासली, तेव्हा इंग्लंडमधल्या झाडांच्या रंध्रांची घनता दोनशे वर्षांत साधारण ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. औद्योगिक क्रांतीआधी हवेत हा वायू सुमारे २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८० भाग) होता, आता ४२० च्या वर आहे. त्याहून मजेची गोष्ट २००१ मध्ये कळली, मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर : हवेचा अंदाज पूर्ण वाढलेली पानं घेतात आणि निरोप कोंबातल्या पानाला जातो. त्यावर नव्या पानाची रंध्रं ठरतात.

आता काम. द्राक्षाची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. मी पान उलटं करून बसले तेव्हा मामा म्हणाला, “डावणी बघतेस काय गं? आम्हीपण तिथंच शोधतो.” बरोबरच होतं त्याचं, डावणीची बुरशी याच तोंडांतून आत शिरते. रंध्रांचा ठसा घ्यायला पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या, पारदर्शक सेलोटेपनं उचलून स्लाइडवर चिकटवा. बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेलं असेल तर पान आधी हलक्या हातानं धुवा. माझे पहिले ठसे चुन्याच्या कणांनी भरले होते. रंध्र कुठलं आणि कण कुठला, कळेना. माझ्या मायक्रोस्कोपवर ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणाऱ्या गोलाचा व्यास ०.४५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिमी. त्यात ३० रंध्रं मोजली की चौरस मिमीला साधारण १९० झाली. तुमचा व्यास तुम्ही स्टेज मायक्रोमीटरनं (बारीक मापखुणा कोरलेल्या स्लाइडनं) मोजा, मित्राचा आकडा उसना घेऊ नका.

खरा घोळ पुढेच झाला. एका आठवड्यात मी मांडवावरची, उन्हातली पानं घेतली, पुढच्या आठवड्यात मांडवाखालची. फरक इतका सुरेख आला की मी ग्राफ रंगवून मॅडमपुढे ठेवला. “ऊन-सावली लिहिलीस कुठं?” उन्हातल्या पानावर रंध्रं जास्त असतातच, वायूचा त्यात काही संबंध नव्हता. पंधरा दिवस पाण्यात. नंतर काडीवर शेंड्याकडून ठरलेल्या क्रमांकाचं पान, एकाच दिशेचं, असं धरून पुन्हा सुरुवात केली. घनतेसोबत स्टोमॅटल इंडेक्सही काढला : रंध्रं भागिले (रंध्रं अधिक बाकीच्या त्वचापेशी), गुणिले शंभर. हे सॅलिसबरी यांचं १९२७ मधलं सूत्र. पेशी मोजून डोळे फुटतात, पण ऊन-पाण्यानं तो घनतेइतका हलत नाही.

तुलनेला ऊस घ्यायचा मोह होईल. उसाचं पान हा वायू आतल्या आत साठवून घट्ट करतं, त्यामुळे बाहेर तो वाढला तरी उसाला फारसा फायदा नाही. पहिल्याच वर्षी दोन्ही एकत्र मांडाल तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडकाल. आणखी एक ठरलेला प्रश्न : हे जुळवून घेणं की उत्क्रांती? एकाच वेलीनं आयुष्यात रंध्रं कमी-जास्त केली तर ते जुळवून घेणं. पिढ्यान् पिढ्या निवड होऊन बदल जनुकांत उतरला, तरच दुसरं.

शेवटी माझं शीर्षक झालं, ‘द्राक्षाच्या पानांवरील पर्णरंध्रांची घनता : उन्हातली व सावलीतली पाने’. कार्बन डायऑक्साइड प्रस्तावनेत दोन पानं उरला. मॅडमनी त्यातलंही एक खोडलं.