गणपतीत पोरांना हाताशी घेऊन गोड कसं करायचं: साच्यातले मोदक, डाळ्याचे लाडू आणि खिरापत

गणपतीच्या दिवसांत घरात तीन ते आठ वर्षांचं मूल असेल तर ते किचनमध्ये लुडबुड करणारच, त्याला ओरडून बाहेर काढण्यापेक्षा पदार्थच असे निवडायचे की गॅसचं काम आधी आपण उरकून घ्यायचं आणि मग मुलाला बोलवायचं. मूल ओट्याजवळ आलं की गॅस बंद, एवढा एकच नियम मी कडक पाळते. म्हणूनच पाकाचे पदार्थ या वयात नकोतच, साखरेचा किंवा गुळाचा पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि भाजतं जास्त.

आणि काम खरं द्या हो! कणकेचा गोळा देऊन बाजूला बसवलं की मुलांना लगेच कळतं, आपल्याला टाळलंय म्हणून. त्यांनी केलेला मोदक वाकडा असला तरी नैवेद्याच्या ताटात तो गेलाच पाहिजे.

सुरुवातीला हात साबणाने धुवा, नखं बघा, केस बांधा, आणि ओट्यावर चढवण्यापेक्षा खाली जमिनीवर जुनी चादर अंथरून ताट-परात तिथेच घ्या. सांडतं, पण आवरायला सोपं जातं आणि पडायची भीती नाही.

साच्यातले खोबऱ्याचे मोदक

उकडीचे मोदक मोठ्यांनाच धड जमायला वेळ लागतो, त्यात उकड गरम असतानाच मळावी लागते, म्हणून लहानांसाठी साचाच बरा. 2 कप डेसिकेटेड कोकोनट, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 1 चमचा तूप, थोडी वेलची पूड, एवढंच लागतं. मध्यम साच्याचे 14-15 मोदक होतात.

1. आधी आपण एकट्याने करायचं: कढईत तूप, त्यात खोबरं घालून मंद गॅसवर दोनेक मिनिटं परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मग कंडेन्स्ड मिल्क घालून हलवत राहायचं, 4-5 मिनिटांत मिश्रण कढई सोडून गोळा व्हायला लागतं. गॅस बंद, वेलची घाला, ताटात पसरा.

2. कोमट होऊ द्या. आपल्या हाताला नीट सोसतं ते मुलांच्या हाताला गरम लागू शकतं, म्हणून अजून जरा थांबा. पण अगदी गारही करू नका, कोरडं पडून मोदक फुटतात (पडलंच तर चमचाभर दूध लावून मळून घ्या).

3. आता मुलांना बोलवा. साच्याला आतून तूप लावणं हे त्यांचं पहिलं काम, बोटाने प्रत्येक खाचेत. साचा बंद करून खालच्या भोकातून मिश्रण भरायचं आणि अंगठ्याने गच्च दाबायचं. दाब कमी पडला की टोक साच्यातच राहतं, त्यामुळे शेवटचा दाब आपण द्यावा. मध्ये गुलकंद ठेवला तर फारच छान.

4. साचा सावकाश उघडायचा. हा क्षण मुलांचाच, आपण मध्ये हात घालू नये.

ओला नारळ इथे वापरू नका, त्याला पाणी सुटतं आणि साच्याच्या कळ्या नीट उठत नाहीत. हे मोदक फ्रिजमध्ये 4-5 दिवस राहतात. परदेशात जिथे ताजा खवा मिळत नाही तिथेही हे सगळं सामान मिळून जातं.

डाळ्याचे लाडू

यात तूप पातळ करण्यापलीकडे गॅसच नाही, म्हणून सगळ्यात लहान मुलासाठी हेच. 2 वाट्या पंढरपुरी डाळं मिक्सरमधून बारीक करून घ्या, पीठ मुलांना चाळू द्या, त्यात 1 वाटी पिठीसाखर आणि वेलची घालून हातानेच मिसळू द्या. मग अर्धी वाटी पातळ, कोमट तूप आपण थोडं थोडं ओतायचं. मूठ दाबून बघायची, गोळा टिकला की तूप पुरे. फुटत असेल तर अजून चमचाभर, फार सैल वाटलं तर दहा मिनिटं ठेवून द्या, तूप आळलं की वळता येतात. लाडू लहान वळायला सांगा, सुपारीपेक्षा थोडे मोठे, त्यांच्या मुठीत तेवढेच मावतात.

खिरापत

सुकं खोबरं किसून मंद आचेवर हलकं गुलाबी भाजायचं, 2 चमचे खसखस वेगळी भाजायची, हे आपलं काम. गार झाल्यावर पाव वाटी खारकेची पूड, थोडे बेदाणे आणि खडीसाखर. खडीसाखर जाड रुमालात बांधून लाटण्याने ठोकायला द्या, त्यात पोरं इतकी रमतात की पुन्हा पुन्हा मागतात. मग खोबरं हाताने चुरून सगळं एकत्र. कोरड्या डब्यात आठवडाभर सहज टिकते, आणि आरतीनंतर वाटायचं कामही त्यांच्याकडेच द्या. दुबई, सौदीकडे राहणाऱ्यांनी खसखस वगळावी, तिकडे तिच्यावर बंदी आहे, बॅगेतून नेऊही नये.

घरात चारपेक्षा लहान मूल असेल तर अख्खे बदाम-काजू कशातच घालू नका, घशात अडकतात, पूड करूनच घाला. बेदाणेही चिरून.

आता नैवेद्याआधी चाखायचं नाही हे लहानांना कसं जमायचं? मी पहिले पाच मोदक झाले की लगेच झाकून देवासाठी वर ठेवते आणि पुढचे खाल्ले तरी काही म्हणत नाही. तासभर गोड पदार्थासमोर बसवून तोंड बंद ठेव म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

सगळं एका दिवशी करू नका. खिरापत दोन दिवस आधी, लाडू आदल्या संध्याकाळी, आणि मोदक चतुर्थीच्या सकाळी पूजेची गडबड सुरू व्हायच्या आत. मुलं अर्ध्या तासात कंटाळतात, त्यामुळे साचे दोन असले तर भांडणंही होत नाहीत आणि ताट वेळेत भरतं.